तीन रात्री मेंढ्या बसवल्या तर युरियाच्या किती बॅगा वाचतात?

आमचं घर इतवारीत, किराणा ओळीच्या मागच्या गल्लीत. शेत मात्र उमरेडच्या पुढे. लहानपणी इतवारी स्टेशनवरून छोट्या गाडीत बसायचं आणि डुलत डुलत शेतावर जायचं, हा आमचा उन्हाळ्याचा कार्यक्रम. ती नॅरोगेज 2019 च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाली, पण शेत आहे, शेत करणारे काका आहेत, आणि होळीनंतर शेतात येऊन बसणाऱ्या मेंढ्याही आहेत.

मागच्या मार्चमध्ये काकांचा फोन आला. "तू मातीचंच शिकून राहिली ना? मग एक सांग. तीन रात्री मेंढ्या बसवल्या तर एकरी युरियाच्या किती बॅगा वाचते?"

मी मृदाशास्त्रात पीएचडी करते. काळ्या जमिनीत नत्र येतं कुठून आणि जातं कुठे, हाच माझा विषय. त्यामुळे वाटलं, दोन मिनिटांत सांगून टाकू. कागद घेऊन बसले आणि लक्षात आलं की प्रश्न वाटतो तितका साधा नाही. तुमचंही गावाकडे शेत असेल आणि मेंढपाळ येऊन "बसवायच्या का?" असं विचारत असेल, तर हा हिशेब तुमच्याही कामाचा आहे. म्हणून सगळा इथे मांडते.

बसवणं म्हणजे काय?

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हरभरा, गहू निघाला, तुरी झाल्या, कापसाची शेवटची वेचणी झाली की शेत रिकामं होतं. मार्च ते मे. या काळात मेंढपाळ दिवसभर कळप चारतो आणि संध्याकाळी ठरलेल्या शेतात आणून बसवतो. भोवती जाळी लावतो, कडेला कुत्री आणि स्वतःची बाज. रात्रभर मेंढ्या तिथे रवंथ करतात, लेंड्या टाकतात, मुततात. सकाळी कळप उठून पुन्हा चरायला जातो. दुसऱ्या रात्री जाळी थोडी पुढे सरकते. याचा मोबदला शेतकरी देतो. कुठे रात्रीवर, कुठे मेंढ्यांच्या शेकड्यावर, कुठे पैसे, कुठे ज्वारी-गहू आणि कुटुंबाचं जेवण.

आपल्याकडे हे काम करणारे लोक एकाच समाजाचे नाहीत. धनगर आहेत. कुरमार आहेत, रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात चांदा जिल्ह्यातले मेंढपाळ म्हणून त्यांची वेगळी नोंद आहे. आणि कच्छहून आलेले रबारी आहेत, ज्यांचा संसार उंटावर असतो. त्यांच्यातले कितीतरी डेरे पिढ्यान्‌पिढ्या विदर्भातच फिरतात. आपल्याला मात्र ते अजूनही अनोळखी वाटतात. जानेवारी 2022 मध्ये अमरावती जिल्ह्यात पाच रबारी पशुपालकांचे 58 उंट कत्तलीसाठी नेत असल्याच्या तक्रारीवरून ताब्यात घेतले गेले. ते परत मिळवायला त्यांना कोर्टात जावं लागलं. ज्या शेतकऱ्यांच्या रानात हे डेरे दरवर्षी उतरतात, त्यांच्यापैकी कुणालाही विचारलं असतं तर हे उंट कशासाठी असतात ते सांगितलं असतं. असो, हिशेबाकडे येऊ.

पोटात गेलं तेच बाहेर येतं

शेतीच्या पुस्तकांत एक तक्ता ठरलेला असतो. शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र, मेंढीच्या खतात तीन टक्के. म्हणजे सहापट. हा आकडा सांगून लोक मोकळे होतात. पण तो आकडा चांगलं चारलेल्या मेंढीला शोभतो. एप्रिलमध्ये वाळकं कुटार आणि झडलेला पाला खाणाऱ्या मेंढीची लेंडी इतकी कसदार नसते. म्हणून मी तक्ता बाजूला ठेवला आणि मेंढीच्या पोटापासून सुरुवात केली.

मेंढी नत्र तयार करत नाही. ती फक्त वाहून आणते. खाल्लेल्या नत्रातला थोडासा भाग मांसात, दुधात, लोकरीत जातो. बाकी सगळं लेंडी आणि लघवीतून बाहेर.

समजा मेंढी 30 किलोची आहे. ती दिवसाला वजनाच्या तीन टक्के, म्हणजे 900 ग्रॅम कोरडा चारा खाते. उन्हाळी चाऱ्यात सव्वा टक्का नत्र धरू. म्हणजे रोज साधारण 11 ग्रॅम नत्र पोटात गेलं. एक ग्रॅम अंगी लागलं, 10 ग्रॅम बाहेर आलं. त्यातलं निम्मं दिवसा चरताना वाटेवर पडतं, निम्मं रात्री तुमच्या शेतात. म्हणजे एका मेंढीमागे रात्रीचे 5 ग्रॅम.

काकांकडे येतो तो कळप तीनशेच्या आसपास असतो. तीनशे गुणिले पाच, दीड किलो. तीन रात्रींचे साडेचार किलो.

आता युरियाची बॅग. 45 किलोची, त्यात 46 टक्के नत्र, म्हणजे 20.7 किलो. मेंढ्यांच्या तीन रात्री म्हणजे पाव बॅगही नाही! आणि नीमयुक्त युरियाची बॅग शेतकऱ्याला 266 रुपये 50 पैशांना मिळते. त्या भावाने तीन रात्रींच्या नत्राची किंमत साठ रुपयेसुद्धा होत नाही.

काकांना हे सांगितलं तर ते गप्पच झाले. मग म्हणाले, "मग त्या चार तासांतली सरकी दरवर्षी एवढी उंच काऊन होते?"

प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर माझ्या कागदावर नव्हतं.

एका रात्रीचे चार गुंठे

पहिली चूक जागेची होती. तीनशे मेंढ्या एकरभर पसरून झोपत नाहीत. त्या एकमेकींना चिकटून बसतात. एका मेंढीला सव्वा-दीड चौरस मीटर जागा धरली तरी तीनशेंना 400 चौरस मीटर पुरतात. म्हणजे चार गुंठे, सातबाऱ्यावरचे चार आर. एकराचा दहावा हिस्सा.

म्हणजे दीड किलो नत्र एकरावर नाही, चार गुंठ्यांवर पडलं. त्या चार गुंठ्यांपुरता एकरी दर काढला तर होतो 15 किलो, जवळपास पाऊण बॅग. काकांना सरकी उंच दिसते ती या तुकड्यात. बाकीच्या एकराला काहीच मिळालेलं नसतं. एकर पूर्ण करायचा तर दहा रात्री लागतील, आणि जाळी रोज सरकवावी लागेल. "एकरी तीन रात्री" म्हणणारा शेतकरी खरं तर बारा गुंठेच खतावतो.

दुसरी चूक तुलनेची. युरियाच्या बॅगेत नत्राशिवाय काही नाही. मेंढी मात्र नत्राबरोबर स्फुरद आणते, पालाश आणते, गंधक आणि जस्तासारखी सूक्ष्म अन्नद्रव्यंही आणते. आणि सेंद्रिय पदार्थ. त्या 900 ग्रॅम चाऱ्यातला साधारण 400 ग्रॅम कोरडा भाग लेंडीतून बाहेर येतो. रात्रीचा 200 ग्रॅम. तीनशे मेंढ्यांचे रात्रीला 60 किलो, दहा रात्रींचे 600 किलो, तेही कोरडं वजन. आपल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच कमी. उन्हाने तो जळत राहतो, आणि तो टिकवायला दरवर्षी काही ना काही घालावंच लागतं.

म्हणून तुलना बॅगेशी नको, शेणखताच्या ट्रॉलीशी करा. समजा ट्रॉलीत दोन टन शेणखत मावतं. अर्धा टक्का नत्र धरलं तर 10 किलो. दहा रात्रींची बसवणी म्हणजे दीड ट्रॉली शेणखत, आणि तेही भरणं, वाहणं, पसरवणं यातलं काहीच न करता. आज गोठ्यातले बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, शेणखत विकत मिळणं अवघड झालं. तुमच्या गावात ट्रॉलीचा भाव काय आहे ते तुम्हाला ठाऊक असेल. तो आकडा घ्या, मजुरी मिळवा, दीडने गुणा. मग मेंढपाळ जे मागतो ते महाग की स्वस्त, ते तुमचं तुम्हीच ठरवा.

युरिया स्वस्त वाटतो, कारण त्याची मोठी किंमत सरकार अनुदानातून भरतं. मेंढपाळाच्या रात्रीला असं अनुदान नाही. एकाच बांधावर दोन खतं उभी, पण भावाची पट्टी दोघांना वेगळी. बसवणीचा मोबदला ठरवताना शेतकरी "एवढ्यात तर बॅग येते" म्हणतो, तेव्हा तो नकळत हीच पट्टी लावत असतो.

सकाळचा वखर

आता काकांचीच एक गोष्ट, त्यांच्या परवानगीने. एका वर्षी कळप उठून गेला आणि काकांकडे लग्नघाई. शेत आठ-दहा दिवस तसंच राहिलं. त्या वर्षी पिकात म्हणावा तसा फरक दिसला नाही, आणि काकांनी ठपका ठेवला मेंढ्यांवर.

दोष मेंढ्यांचा नव्हता. बाहेर येणाऱ्या नत्राचा मोठा हिस्सा लेंडीत नसतो, लघवीत असतो. साधारण निम्मा धरा. लघवीतलं नत्र म्हणजे युरियाच, अगदी बॅगेतल्यासारखा. जमिनीवर पडल्यावर काही तासांतच त्याचा अमोनिया व्हायला लागतो. सार्वजनिक मुतारीजवळून जाताना नाकाला झोंबतो तोच वायू. जमीन जितकी तापलेली आणि जितकी विम्लधर्मी, तितका तो जास्त उडतो. आपली काळी जमीन विम्लधर्मी, आणि एप्रिलचं नागपुरी ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको. पहिल्या काही दिवसांतच लघवीतल्या नत्राचा मोठा वाटा हवेत जातो. उरतात वाळलेल्या लेंड्या.

उपाय जुनाच आहे. सकाळी कळप उठला की त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्या चार गुंठ्यांवर वखराची हलकी पाळी द्या. खोल नको, दोन-तीन इंच मातीआड झालं की पुरे. जाळी रोज पुढे सरकते आणि वखर तिच्या मागून एका दिवसाच्या अंतराने चालतो. लेंड्या झाडून उकिरड्यावर नेण्यापेक्षा शेतातच मेंढ्या बसवणं फायद्याचं का, याचं उत्तरही इथेच आहे. लेंडी झाडून नेता येते, लघवी नाही.

पण हे सगळं आलं कुठून?

हिशेबाचा हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मेंढी नत्र तयार करत नाही, वाहून आणते, हे वर म्हटलं. मग कुठून आणते? समजा कळप दिवसभर तुमच्याच शेतातलं कुटार आणि पाला खातो आणि रात्री तुमच्याच शेतात बसतो. तर तुमच्या शेतात नवीन काहीच आलं नाही. जे पडून होतं तेच लवकर कुजण्याजोगं होऊन, एका कोपऱ्यात गोळा झालं. उलट थोडं कमीच झालं, कारण काही मांसात गेलं, काही हवेत. याचाही उपयोग आहे, पण ती भर नव्हे.

भर पडते ती कळप दिवसा दुसरीकडे चरतो तेव्हा. नाल्याचा काठ, पांदण, तलावाची कोरडी बाजू, बाभळीच्या शेंगा, गावाची पडीक जमीन. तिथलं गवत मेंढीच्या पोटातून चालत तुमच्या शेतात येतं. मेंढपाळ विकतो ती ही वाहतूक. म्हणजे तुमच्या शेताची सुपीकता रात्रीच्या जाळीवर कमी आणि दिवसाच्या चराईवर जास्त अवलंबून आहे.

आणि चराईची जागा कमी होते आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली दप्तरात "झुडपी जंगल" नावाची जमीन आहे. हलकी, खडकाळ, झुडपांची. गुरं-मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरली. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 च्या निकालात सुमारे 86 हजार हेक्टर झुडपी जंगल हे वनच मानलं. ही जमीन इमारतींखाली जाऊ नये यासाठी हे चांगलंच आहे. पण जमीन वन ठरली की तिथे कुणी, कधी, किती चारायचं हा प्रश्न वन विभागाच्या नियमांत जातो. 2006 च्या वनहक्क कायद्यात चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क मान्य केलेला आहे. पण हक्क मागायला गावाच्या ग्रामसभेत उभं राहावं लागतं, आणि फिरत्या माणसाचं गाव कोणतं? त्याच्या बाजूने बोलू शकतो तो त्याला दरवर्षी शेतात बसवणारा शेतकरी. तो सहसा बोलत नाही, कारण झुडपी आणि आपलं शेत यांचा संबंध त्याला दिसत नाही. झुडपीवरचं गवत बंद झालं तर त्याच्याही शेतातली भर बंद होणार आहे.

असंच पश्चिम आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात घडलं. तिथेही फुलानी पशुपालक आणि शेतकरी यांच्यात खतासाठी गुरं बसवण्याचे करार होते. चराईच्या जमिनी पिकाखाली गेल्या, शेतकऱ्यांनी स्वतःची गुरं पाळायला सुरुवात केली, तसे करार कमी झाले आणि अनेक ठिकाणी भांडणं वाढली. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष गवताळ प्रदेश आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. ते पाळायचं तर आपल्या बांधापासूनच सुरुवात करता येईल.

मूग की मेंढ्या?

काकांचा पुढचा प्रश्न हाच होता. विहिरीला पाणी आहे, मग रिकामं शेत मेंढ्यांना देण्यापेक्षा उन्हाळी मूग का घेऊ नये? साठ-पासष्ट दिवसांचं पीक, हाती पैसा, आणि मूग हवेतलं नत्रही बांधतो.

मी "मेंढ्याच बसवा" म्हटलं नाही. ओलिताची भारी जमीन असेल तर मूग बरा. पण काकांचं वरचं शेत हलकं, मुरमाड, पाणी न पोचणारं. तिथे मूग येत नाही, आणि सेंद्रिय पदार्थाची गरज तिथेच जास्त, कारण हलक्या मातीत पाणी धरून ठेवायला दुसरं काही नसतं. म्हणून ठरलं: खाली मूग, वर मेंढ्या. आधी दरवर्षी मेंढ्या खालीच बसायच्या, कारण खालचं शेत रस्त्याला लागून आहे.

बसवायचं ठरवलंत तर आणखी काही गोष्टी सांभाळा.

पाणी आधी बघा. तीनशे मेंढ्यांना उन्हाळ्यात रोज हजार-दीड हजार लिटर पाणी लागतं. ते कोण देणार हे आधीच ठरवा.

कशावर काय फवारलं आहे ते मेंढपाळाला खरं सांगा. तुमच्या पऱ्हाटीवर किंवा शेजाऱ्याच्या भाजीवर नुकतीच फवारणी झाली असेल आणि तुम्ही गप्प राहिलात, तर सकाळी त्याची वर्षाची कमाई मरून पडलेली असेल. ज्वारी कापल्यावर फुटलेले कोवळे धुमारेही मेंढीला विषारी असतात.

शेजाऱ्याला कळवा. त्याचा उभा हरभरा आणि तुमचा कळप यांच्यात भांडण लागलं तर चटका मेंढपाळाला बसतो. तो परका, आणि तुम्ही दोघं गावचे.

घरी शेळ्या असतील तर त्यांना पीपीआरची लस दिलेली आहे ना, ते पाहा. त्याच्या कळपाला दिली का, तेही विचारा.

वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन आलेल्या कळपाच्या लेंडीतून तिचं बी जिवंत उतरतं. पावसाळ्यात रोपं दिसली की लहान असतानाच उपटा.

आणि पहिला मोठा पाऊस पडला की बसवणी संपली. ओल्या काळ्या मातीत खुरांनी जमीन दबते आणि मेंढ्यांचे पायही सडतात. मेंढपाळ स्वतःच थांबणार नाही, तुम्हीही आग्रह करू नका.

यंदा होळीच्या आधी काकांनी मला पुन्हा फोन केला. मेंढपाळ बोलणी करायला आला होता. काकांनी रात्रीचे पैसे ठरवले, पाण्याचं ठरवलं, आणि मग पहिल्यांदाच त्याला विचारलं, "दिवसा कुठं चारतोस रे बाबा?" त्याने झुडपीकडे बोट दाखवलं आणि सांगितलं की तिथे आता तार लागली आहे, पलीकडच्या नाल्यावरून फिरून जावं लागतं, संध्याकाळी यायला उशीर होईल.

काका मला म्हणाले, "ग्रामसभेत विचारून पाहाचं का, ते तार कोणाची हाय म्हणून?"

विचारा, म्हटलं.